बारा पॉइंट, सहा महिने आणि सांगलीचा मामेभाऊ

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, अकरा वर्षं झाली लेस्टरला आहे. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जिन्याला खुर्चीची लिफ्ट बसवतात ना, त्या दुरुस्त करायचं माझं काम. कंपनीची व्हॅन, दिवसाला पाच-सहा घरं. बायको केअर होममध्ये रात्रपाळी करते, घरापासून नऊ मैलांवर. सकाळी त्या वेळेला तिकडून बस नाही. ७ ऑक्टोबर २०२५ ला पहाटे ६.४० वाजता व्हॅन घेऊन तिला आणायला निघालो होतो. ताशी ३० मैलांची मर्यादा असलेला रस्ता, कॅमेऱ्यात ४४ दिसलं.

लायसन्सवर आधीचे ९ पेनल्टी पॉइंट आहेत, बारा झाले की बंदी. १४ ऑक्टोबर २०२२, मग जून २०२३, मग फेब्रुवारी २०२४, दर वेळी तीन-तीन. त्याआधी २०२१ मध्ये पॉइंटऐवजी देतात तो स्पीडचा कोर्सही करून झालाय.

गाडी कोण चालवत होतं ते विचारणारं पत्र, फॉर्मसकट, माझ्या हातात पडलं ४ नोव्हेंबरला. मित्र म्हणतात, चौदा दिवसांत नोटीस आली नाही तर केस बाद. खरं का? दुसरं म्हणजे, पहिले तीन पॉइंट २०२२ चे, त्यांना आता तीन वर्षं उलटली. ते गळले ना? तिसरं विचारायला लाज वाटते. मामेभाऊ गणपतीला आला होता, तो दिवाळीच्या तोंडावर, १७ ऑक्टोबरला परत गेला. एक जण म्हणाला, फॉर्मवर त्याचं नाव टाक, सांगलीत जाऊन कोण विचारतंय. बायको म्हणाली, आधी ताईंना विचारा. लायसन्स गेलं तर नोकरी गेली. घराचे हप्ते आहेत. पुढच्या वर्षी सिटिझनशिपचा अर्ज करायचाय. काय करू?

– एक वाचक, लेस्टर

उत्तर : फॉर्म भरून परत पाठवायला २८ दिवस असतात. अंक निघेपर्यंत ते संपले असते, म्हणून या वाचकाशी मी आधीच फोनवर बोलले. त्यांना विचारून इथे सविस्तर लिहिते आहे, कारण हा मामेभाऊ माझ्याकडे काही पहिल्यांदा आलेला नाही. मागे एकदा तो सासरा होता, एकदा आतेभाऊ, आणि एकदा तर चक्क आजी होती.

नव्या वाचकांना सांगून ठेवते, मी वकील नाही. मी मिरजेची. इथे शाळेत गणित शिकवलं आणि ते करता करता एकोणीस वर्षं मॅजिस्ट्रेट म्हणून बसले. इथले मॅजिस्ट्रेट म्हणजे बिनपगारी, कायद्याची पदवी नसलेले तुमच्या-माझ्यासारखे लोक. तिघं एका रांगेत बसतात, कायदा काय म्हणतो ते सांगायला पुढ्यात लीगल ॲडव्हायझर असतो. मी लिहिते ते इंग्लंड आणि वेल्सचं आहे. स्कॉटलंडची पद्धत निराळी.

तर आधी मामेभाऊ. नाही. खोटं नाव दिलंत की प्रकरण स्पीडचं राहत नाही, न्यायाच्या कामात खोटेपणा केल्याचं होतं, आणि त्याला इथे तुरुंग आहे. ख्रिस ह्यून हे नाव आठवत असेल. २००३ मध्ये एम-११ मोटरवेवर त्यांची गाडी कॅमेऱ्यात सापडली, पॉइंट बायकोनं, विकी प्राइसनं, आपल्या नावावर घेतले. पुढे ते मंत्री झाले, संसार मोडला, गोष्ट वर्तमानपत्रात आली आणि मार्च २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. तीन पॉइंटसाठी! यातली गंमत अशी की त्याच २००३ साली, गाडी चालवताना फोन वापरला म्हणून ह्यूनसाहेबांवर ड्रायव्हिंगची बंदी आलीच होती. पीटरबरोच्या खासदार फियोना ओनासान्या यांचं प्रकरण तर तुमच्या गल्लीतलंच म्हणावं लागेल. ३० च्या रस्त्यावर ४१. फॉर्मवर ज्याचं नाव गेलं तो माणूस त्या वेळी रशियात आईवडिलांकडे होता. जानेवारी २०१९ मध्ये बाईंना तीन महिन्यांची शिक्षा झाली, खासदारकीही गेली. पेशानं त्या सॉलिसिटर होत्या, हे वेगळं सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, माझा भाऊ तर खरंच इथे होता. असू दे. पण व्हॅन कंपनीची आहे आणि विमा कंपनीच्या माणसांपुरता. भावानं चालवली असं लिहिलंत तर त्याच वाक्यात तुम्ही हेही लिहून देता, की विमा नसलेल्या माणसाच्या हातात मी व्हॅन दिली. तो स्वतंत्र गुन्हा आहे, त्याचे ६ ते ८ पॉइंट. तीन-चार पॉइंट वाचवायला निघालेला माणूस सहा मागून घेतो, हे गणिताच्या मास्तरीणबाईंना तरी बघवत नाही. आणि फॉर्म नुसता दाबून ठेवला, नावच कळवलं नाही, तरी ६ पॉइंट आणि हजार पाउंडांपर्यंत दंड होतो. तुमचं स्वतःचं नाव लिहा, सही करा, पोस्टाची पावती जपून ठेवा.

आता चौदा दिवस. नियम खरा आहे, पण अर्धाच तुमच्या मित्रांना माहीत आहे. नोटीस चौदा दिवसांत पोचायला हवी ती गाडीच्या रजिस्टर्ड कीपरकडे, म्हणजे सरकारी नोंदीत गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे. तुमची व्हॅन लीजची. पहिली नोटीस गेली लीज कंपनीला, त्यांनी तुमच्या मालकाचं नाव कळवलं, मालकानं तुमचं. तुमच्या दारात पडलं ते तिसरं पत्र, आणि त्याला चौदा दिवसांचं बंधन नाही. पहिलं पत्र कधी पोचलं ते ऑफिसात विचारून घ्या. ते वेळेवर आलेलं असेल तर हा मुद्दा तिथेच सोडा. ‘चौदा दिवस’ म्हणत ताठ मानेनं आलेले मी कितीतरी पाहिले, जाताना मान खाली असायची.

तीन वर्षांचा हिशेब ऐकून मात्र मला खरंच चुटपुट लागली. पॉइंट मोजतात ते गुन्ह्याच्या तारखेपासून गुन्ह्याच्या तारखेपर्यंत. पत्र कधी आलं, कोर्टाची तारीख कधी पडली, याला अर्थ नाही. तुमची पहिली तारीख १४ ऑक्टोबर २०२२ आणि ही ७ ऑक्टोबर २०२५. सात दिवस कमी पडले. आणखी आठ-दहा दिवसांनी सापडला असतात तर नऊऐवजी सहाच धरले असते. लायसन्सवर पॉइंट चार वर्षं दिसतात, त्यातली तीन वर्षं मोजणीची, म्हणून लोकांचा हा घोळ होतो.

मग आता होणार काय? एरवी ४४ ला बहुधा फिक्स्ड पेनल्टी, म्हणजे कोर्टात न जाता भरायचा ठरावीक दंड, आली असती, १०० पाउंड आणि ३ पॉइंट. पण तुमच्या नऊवर तीन घातले की बारा होतात, म्हणून ती तुम्हाला देता येत नाही, प्रकरण कोर्टातच जातं. कोर्टाच्या तक्त्यात ३० च्या रस्त्यावर ४१ ते ५० हा मधला गट, त्याला ४ ते ६ पॉइंट. दंड साधारण आठवड्याच्या हातात येणाऱ्या पगाराएवढा. ६०० पाउंड धरा. गुन्हा पहिल्याच फटक्यात कबूल केला की त्यातला एक तृतीयांश सुटतो, राहिले ४००. त्यावर ४० टक्के सरचार्ज, म्हणजे १६०, शिवाय कोर्टखर्च. कबुलीनं पैसे कमी होतात, पॉइंट कमी होत नाहीत. बारा किंवा जास्त भरले की किमान सहा महिने बंदी.

घरी पत्र येईल ते ‘सिंगल जस्टिस प्रोसिजर नोटीस’, म्हणजे एकच मॅजिस्ट्रेट कागदांवरून निकाल देतो त्या पद्धतीची नोटीस. त्याला २१ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. त्यात ‘गुन्हा कबूल, पण मला कोर्टात येऊन बोलायचंय’ असा पर्याय असतो, तो निवडा.

बोलायचं काय, तर एक्सेप्शनल हार्डशिप. सगळं पत्र मी या दोन शब्दांसाठी लिहिते आहे. बंदीनं हाल होणारच, तो तर शिक्षेचाच भाग झाला. कोर्टाला पटवायचं असतं की हे हाल नेहमीच्यापलीकडचे आहेत, आणि विशेषतः ज्यांनी काही केलेलं नाही त्यांना ते भोगावे लागणार आहेत. ‘नोकरी जाईल’ हे वाक्य मी एकोणीस वर्षांत किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही. एका गृहस्थांना मधल्या खुर्चीवरून विचारलं, साहेबांना विचारलंत का, सहा महिने आत बसून करायचं काही काम आहे का? नाही विचारलं. शिल्लक किती आहे? घरात दुसरं कोण गाडी चालवतं? थोड्या वेळानं निघालं, की मुलगा चालवतो. संपलं. आम्ही मागच्या खोलीत जाऊन चहा ओतेपर्यंत निर्णय झाला होता.

त्याउलट एक बाई आठवतात. वकील नव्हता. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये त्यांनी बसचं वेळापत्रक आणलं होतं, पहिली बस ७.१२ ची, गुलाबी हायलायटरनं रंगवलेली. आईची दवाखान्यातली वेळ सकाळी सातची, आठवड्यातून तीनदा, तिचं पत्र. टॅक्सीवाल्याकडून लिहून आणलेला दर, त्याला तीननं गुणलेलं, मग सव्वीस आठवड्यांनी. खाली त्यांच्या बँकेतली शिल्लक. दोन आकडे एकाखाली एक. रडल्या नाहीत, आम्हाला ‘युअर ऑनर’ही म्हणाल्या नाहीत. लायसन्स राहिलं.

मी बेंचवर असते आणि माझ्यासमोर नुसतं तुमचं हे पत्र असतं, तर मी सहा महिने दिले असते. वाईट वाटून घेऊ नका. हप्ते सगळ्यांनाच असतात. बायकोच्या पाळीचं कारण बरं आहे, पण सरकारी वकील लगेच विचारेल, दिवसपाळी मागितली का, बरोबरीची कुणी त्याच रस्त्यानं येते का, टॅक्सीला किती पडतात. या तिन्हीची उत्तरं कागदावर हवीत, आणि केअर होमच्या मॅनेजरचं पत्रही.

पण फोनवर तुम्ही बोलता बोलता एक गोष्ट सांगितलीत, जी पत्रात नव्हती. आठवड्यातल्या दोन रात्री आणि एक रविवार सोडून एक रविवार तुम्ही ऑन-कॉल असता. खुर्ची जिन्याच्या मध्यावर अडकते आणि तिच्यात ऐंशी वर्षांची बाई बसलेली असते. तिला ना वर जाता येत, ना खाली. तुम्ही अगदी सहज सांगून गेलात, ‘मागच्या महिन्यात एक आजी दीड तास तशाच बसून होत्या, मी पोचलो तर म्हणाल्या आधी चहा करू का.’ अहो, हेच तर सांगायचंय! मालकाकडून लेटरहेडवर पत्र घ्या. तुम्ही किती गुणी आहात ते त्यात नको. रात्रीच्या कॉलला त्या भागात एकूण किती माणसं आहेत, तुम्ही नसलात तर जवळचा माणूस कुठून येईल, त्याला किती वेळ लागेल, अवजारांचं वजन किती, लायसन्स गेल्यावर तुम्हाला दुसरं काम आहे की नाही. नसेल तर ‘नाही’ असं स्पष्ट. नॉटिंगहॅमहून दुसरा माणूस पाऊण तासात येत असेल तर तेही खरंच लिहू दे, कारण तो प्रश्न येणारच.

हे सगळं शपथेवर सांगायचं असतं. अशर, म्हणजे कोर्टातला मदतनीस, विचारेल कशावर हात ठेवणार, गीता मागितली तर मिळते. नुसती प्रतिज्ञा केली तरी चालते. मग उलटतपासणी. या कामाला फुकटचा ड्यूटी सॉलिसिटर सहसा मिळत नाही. एका सुनावणीपुरता सॉलिसिटर परवडत असेल तर करा, नाहीतर त्या बाईंचं फोल्डर डोळ्यासमोर ठेवा.

बेंच आणखी एक बघतं. तुम्हीच फोनवर सांगितलंत, चार गुन्ह्यांपैकी दोन एकाच रस्त्यावर, त्याच पहाटेच्या वेळी. तुम्हाला तिथला कॅमेरा माहीत होता. यावर ‘घाई होती’ हे उत्तर देऊ नका. घड्याळ दहा मिनिटं पुढे करून ठेवलंय असं सांगा, आणि आधी खरंच ठेवा.

कोर्टानं ऐकलं, तर पूर्ण बंदी टळते किंवा तिचे महिने कमी होतात. टळली, तर तेरा ते पंधरा पॉइंट तसेच अंगावर राहतात आणि पुढची तीन वर्षं हीच कारणं पुन्हा वापरता येत नाहीत. नाही ऐकलं, तर बंदी त्या क्षणापासून लागू होते. मात्र ती भोगली की जुने पॉइंट पुसले जातात, लायसन्स मात्र नव्यानं मागवावं लागतं. बंदीत गाडी चालवली तर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग आहे, आणि ‘सांगलीचं लायसन्स आहे की’ हे चालत नाही.

म्हणून त्या दिवशी बसनं जा. एका तरुणाला आम्ही सकाळी ११.२० ला बंदी घातली. त्याची गाडी बाहेरच्या पार्किंगमध्ये, तिकीट एक वाजेपर्यंतचं. बायकोला गाडी येत नव्हती. जेवायच्या सुट्टीत मी बाहेर आले तेव्हा तो बॉनेटला टेकून, किल्ली हातात धरून कुणाला तरी फोन लावत होता. ओळख न दाखवता मी सँडविच आणायला निघून गेले, दुसरं काय करणार.

मालकाला आजच सांगा. व्हॅनच्या विम्यालाही ते लागतं. सिटिझनशिपच्या अर्जात कोर्टातली शिक्षा लिहावी लागते, तेव्हा अर्ज भरण्याआधी इमिग्रेशनच्या जाणकाराला निकालाचा कागद दाखवा. मामेभावाचं नाव दिलं असतंत तर तो अर्ज विसरायचाच होता.

प्रश्न : पुण्यात चौदा वर्षं गाडी चालवली, सिंहगड रोडवरसुद्धा. इथली परीक्षा मार्च २०२५ मध्ये पास झाले. सहा महिन्यांत दोनदा स्पीडचे तीन-तीन पॉइंट पडले, दोन्ही वेळा निमूट दंड भरला. आता डीव्हीएलएचं, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याचं, पत्र आलं की लायसन्स रद्द. कोर्टात तर मला कुणी बोलावलंही नाही. हार्डशिप सांगता येईल?

– मिल्टन कीन्स

उत्तर : नाही. इथली पहिली परीक्षा पास झाल्यापासून दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की डीव्हीएलए लायसन्स रद्द करतं. १९९५ चा नव्या ड्रायव्हरांसाठीचा कायदा आहे. त्यात कोर्टाला मधे पडायला जागाच नाही. पुण्याची चौदा वर्षं धरत नाहीत, सिंहगड रोडची तर नाहीच नाही. पण ही बंदी नव्हे. प्रोव्हिजनल लायसन्स काढा, एल लावा, शेजारी तीन वर्षं पूर्ण लायसन्स असलेलं एकविसाच्या वरचं माणूस बसवा आणि थिअरी व प्रॅक्टिकल दोन्ही पुन्हा द्या. थिअरीची तारीख आजच घ्या. आणि नुकत्याच पास झालेल्या तुमच्या मैत्रिणींना सांगा, सिग्नलला थांबल्यावर हातात फोन घेतला तरी एका दमात ६ पॉइंट आणि २०० पाउंड. म्हणजे लायसन्स एका फोटोत गेलं.

प्रश्न : मी निवृत्त, कोथरूडला राहतो. उन्हाळ्यात लेकीकडे स्लाऊला आलो होतो. भाड्याची गाडी माझ्या नावावर होती. आता ३० च्या रस्त्यावर ३७ ची नोटीस पुण्यात आली आहे, आणि भाडेवाल्यांनी कार्डातून ‘ॲडमिन’ म्हणून वेगळे पैसे कापले. आमच्याकडे लोकअदालतीत ई-चलन निम्म्यात मिटतं. तिथे तशी काही सोय?

– कोथरूड

उत्तर : नाही हो काका, इथे मांडवली नाही. ॲडमिनचे पैसे भाड्याच्या करारात बारीक अक्षरांत लिहिलेले असतात. तुमचं नाव कळवण्याचे ते पैसे, दंड अजून बाकी आहे. पुण्यात आहात म्हणून फॉर्म रद्दीत टाकू नका. उत्तर न देणं हा निराळा आणि मोठा गुन्हा. लायसन्स भारतातलं असलं तरी डीव्हीएलए तुमच्या नावानं नोंद उघडून पॉइंट त्यावर ठेवू शकतं, आणि लेकीकडे तुम्ही पुन्हा येणारच. गाडी कोण चालवत होतं ते लिहा, मुदतीत पाठवा.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, ‘जावईबापूंचं लायसन्स कोरं आहे, त्यांचं नाव लिहिलं तर चालेल का?’ काका, वरचा मामेभाऊ वाचा.